गावाकडून नागपूरला: भरवशाचा फिजिशियन शोधताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मी आरोग्य सहायक म्हणून नोकरी केली. निवृत्त झालो तरी लोक फाईल घेऊन घरी येतातच, आणि विचारणं बहुतेक सारखंच असतं: नागपूरला कोणाकडे जाऊ? त्या प्रश्नांची उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. मी डॉक्टर नाही, त्यामुळे कोणती गोळी घ्यावी ते यात मिळणार नाही. कोणा एका डॉक्टरचं नावही देणार नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की मोठ्या नावामागे धावू नका. तुमचे सगळे आजार एकत्र बघणारा, तुमच्या गावच्या डॉक्टरशी जोडून घेणारा एक फिजिशियन शोधा आणि त्याला धरून राहा.

फिजिशियन म्हणजे नेमका कोणता डॉक्टर?

एमबीबीएस म्हणजे साडेचार वर्षांचं शिक्षण आणि वर्षभराची इंटर्नशिप. त्यापुढे आणखी तीन वर्षं मोठ्या माणसांच्या आजारांचं शिक्षण घेतलं की नावापुढे एमडी मेडिसिन किंवा डीएनबी मेडिसिन लागतं. शुगर, बीपी, थायरॉइड, दमा, न उतरणारा ताप, अंगावरची सूज, रक्त कमी होणं, कारण नसताना वजन घटणं, हे सगळं त्याच्याकडचं. तो ऑपरेशन करत नाही, लहान लेकरांना बघत नाही. त्याहीपुढे तीन वर्षं शिकून डीएम झालेला डॉक्टर हृदय, किडनी, मेंदू किंवा पोट अशा एकाच विषयाचा तज्ज्ञ असतो.

डॉक्टर शोधत बसायची वेळ कोणती नाही?

छातीत दाबल्यासारखं दुखून घाम फुटला, तोंड एका बाजूला वाकडं झालं, हातापायातली ताकद गेली, बोलणं अडखळलं, साप चावला, फवारणीनंतर गरगरून उलट्या सुरू झाल्या, तर १०८ ला फोन लावा आणि जवळचं सरकारी रुग्णालय गाठा. अर्धांगवायूत रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून लक्षण नेमकं किती वाजता सुरू झालं ते लक्षात ठेवा आणि डॉक्टरला सांगा. सापाच्या विषावरची लस ग्रामीण रुग्णालयात मिळते. ती न घेता थेट नागपूरची गाडी करणं जिवावर बेतू शकतं.

२०१७ च्या फवारणी हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीचं विष बाधून शेतकरी-मजूर दगावले, ते सगळ्यांना माहीत आहे. अशा वेळी औषधाचा डबा किंवा त्यावरचं लेबल सोबत न्या. कोणतं विष आहे हे कळलं की उपचार लवकर ठरतो.

गावातला डॉक्टर सोडून नागपूरले जायची खरंच गरज हाय का?

दर वेळी नाही. साधी शुगर, साधं बीपी तालुक्याला नीट सांभाळता येतं. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत बीपी-शुगरच्या रुग्णांची वेगळी तपासणी होते, गोळ्या मिळतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचाराचे पैसे घेत नाहीत. त्याच्या वरची पायरी जिल्ह्याची. यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया इथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत आणि प्रत्येकात मेडिसिन विभाग आहे. आधी तिथे दाखवलं तर नागपूरची फेरी वाचू शकते.

पण काही गोष्टी असल्या तर पुढे जाच. तीन वेगवेगळ्या गोळ्या नेमाने घेऊनही बीपी खाली येत नाही. पंचविशी-तिशीतच बीपी निघालं. ताप तीन आठवडे हटत नाही. दर रिपोर्टात क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) वाढत चाललंय. रक्त चढवावं लागतं, महिना-दोन महिन्यांनी पुन्हा कमी होतं, आणि का होतं ते कोणी सांगितलेलं नाही. हा शेवटचा प्रकार आपल्याकडच्या बायांमध्ये फार दिसतो. बाटलीमागून बाटली चढते पण कारण शोधलं जात नाही, याची मला मनापासून चीड येते.

माह्या बाबाले शुगर हाय, बीपी हाय, आता पायावर सूज आली. हार्टवाल्याकडे नेऊ का किडनीवाल्याकडे?

आधी फिजिशियनकडे. पायावरची सूज हृदयामुळे येते, किडनीमुळे येते, लिव्हरमुळे, थायरॉइडमुळे, अंगातलं प्रोटीन कमी झाल्यामुळेही येते. बीपीसाठी सर्रास दिली जाणारी अॅम्लोडिपिन नावाची गोळी आहे, तिच्यामुळेसुद्धा पाय सुजतात. हे सगळं डोळ्यांसमोर ठेवून कुठून सुरुवात करायची ते ठरवणं हेच फिजिशियनचं काम आहे. हृदयतज्ज्ञाची गरज असली तर तो चिठ्ठी लिहून पाठवेल, आणि तिथून आलेली औषधं जुन्या औषधांशी जुळतात का तेही बघेल.

उलट्या वाटेने गेलेल्यांची गत मी पाहिली आहे. हृदयाची एक फाईल, किडनीची दुसरी, गुडघ्याची तिसरी. तिन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर, पण तिन्ही चिठ्ठ्या एकत्र ठेवून कोणीच वाचलेल्या नसतात. गुडघ्यासाठी रोज घेतलेली डायक्लोफेनॅक बीपी वाढवते आणि अशक्त किडनीला आणखी मार देते. हृदयाच्या डॉक्टरला ती गोळी चालू असल्याचं माहीतच नसतं, कारण ती गावच्या मेडिकलमधून सुटी घेतलेली असते.

नाव कोणाला विचारायचं?

पहिल्यांदा तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला. ते बहुधा नागपूर, सेवाग्राम, यवतमाळ, अकोला यांपैकीच कुठे तरी शिकलेले असतात आणि तिथल्या शिक्षकांना, वर्गमित्रांना ओळखतात. विचारताना "चांगला डॉक्टर कोण?" असं मोघम विचारू नका. "साहेब, तुमच्या स्वतःच्या आईला हा त्रास असता तर तुम्ही कोणाकडे नेलं असतं?" असं विचारा. मोघम प्रश्नाला पाटीवरचं नाव मिळतं. आईचं विचारलं की माणूस थांबून विचार करतो, आणि सहसा "अमक्याकडे ने, पण थांबावं लागेल, घाईत बघत नाहीत ते" असं तपशिलाचं उत्तर येतं.

दुसरे जाणकार म्हणजे जुने रुग्ण. बरा होऊन घरी बसलेला नव्हे, पाच-सात वर्षं एकाच डॉक्टरकडे जाणारा शुगर-बीपीचा रुग्ण शोधा. त्याला विचारा: फोन केला तर उत्तर मिळतं का? दर वेळी नवीन तपासण्या होतात का? औषधं वाढतच जातात की कधी कमीही झाली? डॉक्टरला तुमचं गाव आठवतं का?

तिसऱ्या जाणकार म्हणजे रुग्णालयातल्या सिस्टर. वॉर्डातल्या नर्सला कोणते डॉक्टर रात्री फोन उचलतात आणि कोणते रोज राऊंड घेतात ते पक्कं माहीत असतं. गावातली एखादी मुलगी नागपुरात नर्सिंग करत असेल तर तिला जरूर विचारा.

बसस्टँडवर किंवा स्टेशनवर ऑटोवाल्याला मात्र विचारू नका. नागपुरात रामदासपेठ आणि धंतोलीत एकेका गल्लीत डॉक्टरांच्या कितीतरी पाट्या आहेत. कुठे जायचं ते गावातून निघण्याआधीच ठरलेलं असू द्या.

मोबाईलवर तारे दिसतात, त्यावर विश्वास ठेवावा का?

पत्ता, वेळ आणि फोन नंबर यांसाठी ठेवा. पार्किंग नाही, फार वेळ थांबवलं, रिसेप्शनवरची मुलगी नीट बोलली नाही, अशाच तक्रारी तिथे बहुतेक असतात. निदान बरोबर निघालं की नाही हे ताऱ्यांवरून कळत नाही.

पाटीवर एमडी लिहिलंय. खरं की खोटं कसं कळेल?

आधी पूर्ण पदवी वाचा. आयुर्वेदातही एमडी असते, होमिओपॅथीतही असते. त्या खऱ्याच पदव्या आहेत, पण तुम्ही शोधताय तो एमडी मेडिसिन वेगळा. काही पाट्यांवर फेलोशिप आणि प्रमाणपत्रांची लांबलचक रांग असते. ती बाजूला ठेवून एमडी किंवा डीएनबी आणि त्याला लागून मेडिसिन आहे का एवढं बघा.

मग नोंदणी क्रमांक. अॅलोपॅथीच्या डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे असते. तो क्रमांक दवाखान्यात दिसेल असा लावणं आणि चिठ्ठीवर छापणं त्यांना बंधनकारक आहे. परिषदेच्या संकेतस्थळावर नाव किंवा क्रमांक टाकून कोणालाही नोंद बघता येते. गावातल्या शिकलेल्या पोराला सांगा, तो बघून देईल. यात डॉक्टरचा अपमान नाही, आणि हे त्यांना सांगत बसायचीही गरज नाही.

आमच्या डॉक्टरनं एकाच हॉस्पिटलचं नाव देल्लं. कमिशन असते का?

काही ठिकाणी असतं. रुग्ण पाठवण्याबद्दल पैसे देणं-घेणं डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेने मना केलेलं आहे, तरी हे चालतं हे सगळे जाणतात. पण म्हणून प्रत्येक चिठ्ठीवर संशय घेऊ नका. पुष्कळ डॉक्टर आपण जिथे शिकलो तिथेच पाठवतात, कारण तिथल्या माणसांच्या कामाची त्यांना खात्री असते.

चिठ्ठी कशी लिहिली आहे ते बघा. मनापासून पाठवणारा डॉक्टर तीत तुमचा त्रास, कधीपासून, काय तपासलं, काय औषध दिलं आणि कशाची शंका आहे ते लिहितो. नुसतं हॉस्पिटलचं नाव आणि फोन नंबर असेल तर विचारा, "साहेब, तिथेच का? दुसरं एखादं नाव सांगता का?" सरळ कारण मिळालं, दुसरं नावही मिळालं, तर निर्धास्त जा. "तिथेच जा, मी फोन करून ठेवतो, गाडीही पाठवतो, दुसरीकडे गेलात तर मला विचारू नका" असं ऐकायला आलं, आणि पेशंट चालता-बोलता असेल, तर एक दिवस थांबून दुसऱ्या कोणाला तरी विचारा.

पहिल्या भेटीत डॉक्टर भरवशाचा आहे हे कशावरून ओळखायचं?

हे सगळ्यात जास्त विचारलं जातं आणि माझ्या मते इथेच सगळा निकाल लागतो.

तो आधी ऐकतो का ते बघा. दोन-तीन मिनिटं मध्ये न तोडता रुग्णाला बोलू देणारा डॉक्टर मिळाला तर तो जपून ठेवा. मग तो काय विचारतो ते बघा. आपल्याकडच्या माणसाला बघायचं तर फवारणी करता का, खर्रा (तंबाखू-सुपारी) खाता का, दारू किती, पाणी बोअरचं की विहिरीचं, घरात कोणाला सिकलसेल (आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार) आहे का, हे विचारायलाच हवं. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाण पट्ट्यातला, म्हणजे जमिनीतलं पाणी खारं असलेल्या भागातला माणूस असेल तर पिण्याच्या पाण्याची चौकशी झालीच पाहिजे. गडचिरोलीचा ताप असेल तर मलेरियाचा विचार पहिला.

मग हात लावतो का ते बघा. नुसते रिपोर्ट बघून चिठ्ठी लिहिणारे पुष्कळ आहेत. शुगरच्या रुग्णाचे चप्पल-मोजे काढायला लावून तळपाय बघणारा, म्हाताऱ्या माणसाचं बीपी बसून आणि उभं करून अशा दोन्ही वेळा मोजणारा डॉक्टर आपलं काम जाणतो. पावसाळ्याच्या शेवटी येणाऱ्या तापाचं उदाहरण घ्या. २०१८ साली विदर्भात स्क्रब टायफसची साथ आली होती. गवतातल्या बारीक किड्याच्या चावण्यातून तो होतो, आणि चावलेल्या जागी सिगारेटने भाजल्यासारखी छोटी काळी खपली धरते. ती जागा बहुधा काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली असते, आणि ती सहसा दुखत-खाजत नाही म्हणून रुग्णालाही ठाऊक नसते. कपडे बाजूला करून बघितलं तरच दिसते. दिसली की निदानाची दिशा मिळते, आणि त्यावरचं डॉक्सिसायक्लिन हे औषध जुनं आणि स्वस्त आहे. बघितलं नाही तर डेंगू, टायफॉइड, मलेरियाच्या तपासण्यांत आठवडा जातो आणि तोवर फुप्फुस, किडनी अडचणीत येऊ शकतात. बाई रुग्ण असेल तर तपासताना सिस्टर हजर असावी, तेही बघा.

शेवटी तो काय सांगतो. "मला अमुक वाटतंय, तमुक असू शकतं, म्हणून ही तपासणी" एवढं तुम्हाला समजेल अशा भाषेत त्याने सांगायला हवं. "अजून पक्कं कळलेलं नाही, पंधरा दिवसांनी पुन्हा बघू" म्हणणाऱ्या डॉक्टरबद्दल लोक नाराज होतात. मला मात्र असा डॉक्टर जास्त भरवशाचा वाटतो. पहिल्याच भेटीत सात औषधं आणि तीन टॉनिक लिहून देणाऱ्यापेक्षा, तुमच्या जुन्या चिठ्ठीतल्या दोन गोळ्या बंद करणारा पुष्कळ बरा.

एवढ्या टेस्टा काऊन लिहून देते?

काही लागतातच. शुगर-बीपीच्या रुग्णाला तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए१सी), क्रिएटिनिन, लघवीतलं प्रोटीन, ईसीजी हे ठरावीक काळाने करावंच लागतं आणि ते केल्याने पुढचं संकट आधी कळतं. तुम्ही एवढंच विचारा: "या तपासणीने औषधात काय बदल होईल?" चांगला डॉक्टर चिडत नाही, एका वाक्यात सांगतो. महिनाभरापूर्वीचे रिपोर्ट असतील तर पुन्हा करायला का सांगताय हेही विचारा. कधी खरंच कारण असतं.

सिकलसेलबद्दल एक महत्त्वाचं. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या भागात सिकलसेल बरंच आहे. अशा रुग्णाची तीन महिन्यांची शुगर फसवी येऊ शकते, कारण त्याच्या लाल पेशी लवकर मरतात. रिपोर्ट चांगला दिसतो आणि शुगर प्रत्यक्षात जास्त असते. म्हणून घरात सिकलसेल असेल, किंवा सिकलसेल तपासणीचं पिवळं-लाल कार्ड असेल, तर ते पहिल्याच वाक्यात सांगा.

सोबत काय न्यायचं?

घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, पाकिटासकट. चिठ्ठी पुरत नाही.

एक आजी पिशवी घेऊन आल्या होत्या. मी ती चटईवर ओतली. कॅल्शियम, आम्लपित्ताची गोळी, कागदाच्या पुडीत बांधलेल्या नाव नसलेल्या पांढऱ्या गोळ्या, आणि बीपीच्या दोन पट्ट्या. एक निळी, एक चंदेरी, कंपन्या वेगळ्या, नावं वेगळी. पट्टी उजेडात तिरपी धरून ब्रँडच्या नावाखालचं बारीक अक्षर वाचलं तर दोन्हींवर टेल्मिसार्टन. एक तालुक्याच्या डॉक्टरने दिली होती, दुसरी शहरातल्या. आजी सकाळी दोन्ही घेत होत्या आणि न्हाणीघरातून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणून चक्करची तिसरी गोळी मागायला आल्या होत्या. तुम्हीही आज घरातल्या पट्ट्या अशा वाचून बघा. आणि पुडीतल्या बिननावाच्या गोळ्या डॉक्टरला हमखास दाखवा. सांधेदुखीच्या अशा पुड्यांत कधी स्टेरॉइड असतं, त्याने शुगर वाढते. पण त्या फार दिवस चालू असतील तर स्वतःच्या मनाने एकदम बंदही करू नका, डॉक्टरला विचारून सोडा.

बाकी सगळे कागद तारखेप्रमाणे लावा, नवे वर. रेशनकार्ड, आधार आणि विम्याचं कार्ड ठेवा. सगळ्या कागदांचे फोटो घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये असू द्या. पावसाळ्यात एसटीत भिजून विरघळलेले केसपेपर मी पुष्कळ पाहिले आहेत.

डॉक्टरसमोर गेलो का काही सुचतच नाही.

आदल्या रात्री तीन गोष्टी लिहून ठेवा: काय होतंय, कधीपासून, आणि सगळ्यात जास्त भीती कशाची आहे. तिसरी गोष्ट लोक सांगत नाहीत आणि तीच मनात घेऊन परत येतात. "साहेब, हा कॅन्सर तर नाही ना?" असं सरळ विचारा.

बायांचं वेगळं आहे. पाळीत जास्त जातं, अंगावरून पांढरं जातं, हे सासऱ्यासमोर किंवा दिरासमोर कोणती बाई सांगेल? आणि रक्त कमी होण्याचं कारण तर कित्येकदा तिथेच असतं. म्हणून सोबतच्या पुरुषाने स्वतःहून दोन मिनिटं बाहेर जावं. गोंडी, माडिया, कोलामी, कोरकू बोलणाऱ्या घरातून जाताना मराठी-हिंदी येणारं घरचंच माणूस किंवा आशाताई सोबत न्या. मधला माणूस अर्धं सांगतो आणि अर्धं स्वतःच्या मनाने घालतो, तेव्हा भरवशाचंच माणूस हवं.

मेडिकल, मेयो, एम्स, सेवाग्राम की प्रायव्हेट?

निदानाला मोठी तपासणी लागणार असेल, आजार गुंतागुंतीचा असेल किंवा भरती व्हावं लागेल असं दिसत असेल, तर शिक्षण देणारं रुग्णालय मला बरं वाटतं. तिथे सगळे विभाग एका आवारात असतात. नागपूरचं मेडिकल, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, १९४७ पासूनचं आहे आणि त्याला जोडून सुपर स्पेशालिटी आहे. मेयो, म्हणजे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, रेल्वे स्टेशनच्या जवळ. एम्स मिहानमध्ये, शहराच्या टोकाला, तिथला नंबर ओआरएस या सरकारी ऑनलाइन नोंदणीच्या संकेतस्थळावरून आधीच लावता येतो.

या ठिकाणांबद्दल लोकांची तक्रार एकच: दर वेळी वेगळा डॉक्टर भेटतो. त्याला उपाय आहे. मेडिसिन विभागात युनिटं, म्हणजे डॉक्टरांच्या ठरलेल्या तुकड्या, असतात आणि प्रत्येक युनिटचे ओपीडीचे वार ठरलेले असतात. पहिल्या भेटीत कार्डावर युनिट कोणतं आणि वार कोणता ते लिहून घ्या, आणि पुढे त्याच वारी जा. शिकाऊ डॉक्टर बदलतील, पण युनिटचे प्रमुख बहुधा तेच राहतात. अवघड काही असेल तर "मोठ्या सरांना दाखवता का?" असं नम्रपणे म्हणा. पहिल्यांदा तपासणारा तरुण निवासी डॉक्टर असतो म्हणून नाराज होऊ नका. विचारपूस तोच सगळ्यात बारकाईने करतो.

सेवाग्रामबद्दल मला आदर आहे आणि तो लपवायचं कारण नाही. नागपूरपासून सुमारे ७५ किलोमीटरवरचं हे रुग्णालय गावच्या माणसासाठीच उभं राहिलं. महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था १९६९ ची, डॉ. सुशीला नायर यांनी काढलेली. एके काळी गावकरी ज्वारी देऊन तिथल्या आरोग्य विम्यात सामील होत. वर्धा, यवतमाळ, चंद्रपूरच्या माणसाने नागपूरच्या आधी सेवाग्रामचा विचार करावा. वर्ध्याजवळच सावंगी मेघेचं विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयही आहे.

खासगी फिजिशियनचा फायदा म्हणजे माणूस तोच राहतो. शुगर-बीपीसारख्या जन्माच्या आजारात याची किंमत मोठी आहे. फी, आणि पुन्हा दाखवायची फी किती दिवसांपर्यंत माफ, हे फोनवरच विचारून घ्या.

पैशाचं काय?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत आता एकत्र आहेत. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे ठरावीक उपचार, आणि पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही ते खुले झाले आहेत. मात्र ही योजना भरती झालेल्यांसाठी आहे. नुसतं फिजिशियनला दाखवायचे, रक्त तपासायचे पैसे त्यातून मिळत नाहीत. इथेच लोकांचा गैरसमज होतो. भरती व्हायची वेळ आली तर आधी त्या रुग्णालयात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला भेटा, पैसे भरून झाल्यावर नव्हे. हेल्पलाईन १५५३८८.

धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला घरात तयार असू द्या. औषधांसाठी जनऔषधी केंद्रात विचारा. डॉक्टरला सांगितलं की औषधाचं मूळ नाव लिहून द्या, तर शोधणं सोपं जातं.

जायचा-यायचा खर्च?

एसटीत बायांना अर्धं तिकीट, ७५ वर्षांवरच्यांना मोफत, ६५ ते ७५ वर्षांच्यांना अर्धं. त्यासाठी आधार कार्ड सोबत लागतं.

गावी परत आल्यावर काही झालं तर?

हा प्रश्न नागपुरातच, डॉक्टरच्या खोलीतून उठायच्या आधी विचारा. "साहेब, आमचं गाव दीडशे किलोमीटरवर आहे. कशासाठी परत यायचं, कशासाठी गावातच दाखवायचं, आणि फोन कोणत्या वेळी करू?" तीनही गोष्टी चिठ्ठीवर लिहून घ्या. शुगरच्या काही गोळ्या घेऊन जेवण चुकलं तर साखर एकदम उतरते. कापूस वेचणीच्या दिवसांत बाई उपाशीपोटी शेतात जाते, एकादशी-चतुर्थी धरते. तुमच्या गोळीत ते चालतं का, हे विचाराच.

आल्यावर दुसऱ्याच दिवशी ते कागद गावच्या डॉक्टरला नेऊन दाखवा. लोक हे लपवतात, "साहेबांना राग येईल" म्हणून. रात्री दोन वाजता दार वाजवायचं आहे ते त्यांचंच. नागपूरच्या डॉक्टरने गावच्या डॉक्टरच्या नावे दोन ओळी लिहून दिल्या तर उत्तम. मागितल्या तर बहुतेक जण देतात. मधल्या काळात साधी शंका असेल तर आयुष्मान आरोग्य मंदिरातून (गावाजवळच्या सरकारी आरोग्य केंद्रातून) ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर डॉक्टरशी बोलता येतं.

डॉक्टर बदलावा असं केव्हा समजावं?

सहा महिने झाले, त्रास तोच आहे, आणि विचारलं तर उत्तर मिळत नाही. किंवा दर वेळी फक्त औषधं वाढतात. किंवा ऑपरेशन, अँजिओप्लास्टी, डायलिसिससारखा मोठा निर्णय सांगितला आणि लगेच पैसे भरायची घाई केली. जिवावरचं संकट नसेल तर दुसरं मत घ्यायचा तुम्हाला अधिकार आहे. कागद अडवून ठेवले तर लेखी अर्ज द्या. आचारसंहितेनुसार मागितल्यापासून ७२ तासांच्या आत नोंदी द्याव्या लागतात.

पण दोन आठवड्यांत गुण आला नाही म्हणून तिसरा डॉक्टर, असं करू नका. थायरॉइडची गोळी बदलली तर तिचा परिणाम रक्तात दिसायला सहा आठवडे लागतात. बीपीची मात्रा बसायलाही वेळ लागतो.

माय म्हणते, मले नाही जाच नागपूरले. काय करावं?

रागावू नका. आधी कारण काढा. बहुतेक म्हाताऱ्या माणसांना आजाराची भीती कमी आणि पोराच्या खर्चाची जास्त असते. कोणाला भरती करून ठेवतील असं वाटतं. कोणाला सोयाबीन काढणीला आलेलं दिसतं. आणि एक कारण बाया कधीच बोलून दाखवत नाहीत: वाटेत लघवीला कुठे जायचं? म्हणून निघायच्या आदल्या रात्रीपासून पाणीच पीत नाहीत, आणि दवाखान्यात पोहोचतात तेव्हा तोंडाला कोरड पडलेली, बीपी उतरलेलं. थांबे ठरवून घ्या, तिला आधीच सांगा. खर्चाचा आकडा लपवण्यापेक्षा खरा सांगा. "फक्त दाखवून येऊ, संध्याकाळी घरी" असं म्हटलं असेल तर तो शब्द पाळा, नाहीतर पुढच्या वेळी ती येणार नाही.

कोणत्या दिवशी जावं?

सोमवार आणि सणानंतरचा पहिला दिवस टाळा, गर्दी फार असते. निघायच्या आदल्या दिवशी फोन करून डॉक्टर आहेत का ते विचारा. उपाशीपोटी रक्त तपासायचं आहे का तेही त्याच फोनवर विचारून घ्या. असेल तर तपासणी तालुक्यालाच करून रिपोर्ट सोबत नेता येतो का, हे त्यांनाच विचारा.